केसाएवढी फट

कासारवाडीच्या थांब्यावर भोसरीची बस काही येईना. सुभद्राबाईंच्या शेजारी एक म्हातारे मेस्त्री आणि एक तरुण येऊन बसले, तसा जळक्या ऑईलचा वास आला. तीस वर्षं नवऱ्याच्या कपड्यांना हाच वास यायचा.

"रंगरावकाका, चूक माझीच. गार इंजिन रेस केलं. सोसायटीतल्या पोरांना आवाज ऐकवायचा होता."

"त्यानं चारही बेअरिंगं खरवडली असती, दिग्विजय. हे बघ, एकच जळलंय."

"मग ऑईल कमी पडलं असेल. रेसच्या ट्रॅकवर वळणावरच टकटक सुरू झाली."

"ऑईल भरपूर होतं. नुसती घासलेल्या धातूची चमकी तरंगत होती त्यात. अरे, क्रँकचा फिरता दांडा आणि त्याला धरणारं बेअरिंग, यांच्यात केसाएवढी फट लागते, ऑईल तिथनंच फिरतं. या एकाला ती ठेवलीच नाही."

"कोणी?"

"मागल्या खेपेला इंजिन कोणी बांधलं?"

"तुम्हीच. पण तुमच्यासारखं माप अख्ख्या चिंचवडात कोणी घेत नाही, असं पप्पा म्हणतात."

"पप्पा जुनं सांगतात. मी माप घेतलंच नाही. हातानं फिरवलं, मोकळं वाटलं, बसवून टाकलं."

"असं का केलंत?"

"मायक्रोमीटरच्या रेघा दिसत नाहीत रे आता. दोन वर्षं झाली. कोणाला बोललो नाही."

सुभद्राबाईंनी उगाच पिशवीचे बंद नीट केले.

"गाडी दुसरीकडं न्यायची तर ने. मी राग धरणार नाही."

"बस आली, काका. उठा. नवीन बेअरिंग घेऊ. रेघा मी वाचतो, कुठं धरायचं तेवढं शिकवा."

"दोनदा वाचायच्या."

"तीनदा वाचतो. चढा आधी."