साहेब, गोळी बघा

मी मूळचा केंदूरचा, शिरूर तालुका. बाप मेंढरं राखायचा, मेंढरं गेली तशी थोडी जिराईत राहिली. शाळा म्हणाल तर चौथी पास, पाचवीत इंग्रजी आली आन् मी शाळेतनं उठलो. एवढं तुम्ही ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यापायीच झालं.

दौंडला आलो तवा तिशीत होतो. बायको हिरा आन् दोन पोरं आईजवळ केंदूरला. म्हणायला जिल्हा एकच, पर काय सांगू तुम्हाला, शिक्रापूरला एसटी बदला, न्हावऱ्याला बदला, मग दौंड, आख्खा दिवस मोडायचा. आधी महिन्याला जायचो, मग दोन महिन्यानं, मग सणाला. धाकटं पोरगं एकदा मला बघून आत पळालं, आई, पाव्हणं आलं म्हणलं. हिरा हसली. मी बी हसलो.

तर दौंडच्या बाहेर एका रिटायर सुभेदारसाहेबांची नेमबाजीची रेंज होती, लायसनची, सगळं रीतसर. पोरं-पोरी तिथं स्पर्धेची प्रॅक्टिस करायची. साहेबांनी इचारलं, शिकलास किती? दोघंजण माझ्यापुढं दहावी सांगून गेले होते, मी बी दहावी म्हणलो. बरं, म्हणले, रहा. पत्र्याची खोली दिली, सकाळी त्यांच्या घरचा चहा. उपकार हाईत त्या माणसाचे, न्हाई म्हणणार न्हाई मी.

काम काय, तर उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, पुसायच्या, त्याच पुन्हा भरायच्या. इकतचं काडतूस महाग पडायचं म्हणून. दारू साहेब स्वतः मोजून घालायचे, वरची गोळी मी मशीनवर दाबून बसवायची. आता लोक आख्ख्या काडतुसाला गोळी म्हणत्यात, पर आमच्यात गोळी म्हंजी फक्त पुढचं टोक, जे उडून जातं ते. मला ते काम लई आवडायचं. दांडी खाली ओढली की गोळी पुंगळीत कशी गपकन बसायची.

एकदा नवा माल आला, दोन खोकी. साहेब पुण्याला चालले होते, जाता जाता म्हणले, बिरा, पुंगळ्यांत दारू घालून ठेवलीया, नव्या खोक्यातल्या बत्तीसच्या गोळ्या लाव, ताईला उद्या लागतील. ताई म्हंजी रेल्वेत नोकरीला होती एक मुलगी, बत्तीसच्या रिव्हॉल्वरवर सराव करायची, तिची स्पर्धा तोंडावर आली होती. मी खोकी बघितली तर दोन्हीवर बारीक इंग्रजी. आकडे ओळखायचो मी, पर कुठला आकडा गोळीचा, कुठला नगाचा, कुठला वजनाचा, कुणाला ठाव? इचारायला फोन करता आला असता, चहाच्या हॉटेलात होता फोन. पर फोनवर सांगायचं काय, मला वाचता येत न्हाई म्हणून?

मग एका खोक्यातली गोळी घेतली, पुंगळीच्या तोंडाला लावली, बसली. म्हणलं हीच. आमच्या नेहमीच्या गोळ्या शिशाच्या, करड्या, आखूड. ही तांब्याची, चकचकीत, लांब, टोकदार. मनाला म्हणलं, नवा माल. दाबली तर खोल खोल गेली, टोक तेवढं वर राहिलं. भरलेला डबा उचलला तर हाताला जड लागला. अहो, कोकरू उचलून वजन सांगणारी जात माझी, हातानं तवाच सांगितलं व्हतं मला. मी हाताचं ऐकलं न्हाई.

सकाळी ताईनं डबा उघडला. काय ओ बिरामामा, सोन्याच्या आणल्या का? म्हणली. व्हय ताई, नवा माल, म्हणलो आन् लांब जाऊन भाकर खायला बसलो. पहिला बार झाला आन् माझा घास तोंडातच राहिला. रोज कडाड वाजतं, आज नुसतं धप्प. साहेब रातीच पुण्यास्नं आलेले, मागं पेपर वाचत होते, त्यांनी मान वर करोस्तर ताईनं पुन्हा हात उचलला, नेम चुकला असं तिला वाटलेलं. मी ताटलीवरनं उठून पळालो, कसा पळालो मला ठाव न्हाई, ताई थांबा, थांबा, गोळी चुकलीया, माझ्या हातनं चुकलीया!

ती थांबली.

साहेबांनी तिच्या हातनं रिव्हॉल्वर काढून घेतली, रिकामी केली, नळीत सळई घालून ठोकली. आतनं ती तांब्याची गोळी खाली पडली. थ्री नॉट थ्री रायफलची गोळी, म्हणले. जाडी तेवढीच, म्हणून बसली तुला. पर ही दुप्पट जड, तिला रायफलची लांब नळी आन् रायफलची दारू लागती, इथं ती मधीच अडकली. दुसरी मागनं आली असती तर नळी फुटली असती पोरीच्या हातात. मग खोकं माझ्यापुढं धरलं. वाच.

मी आकड्यावर बोट ठेवलं. दहावी ना रे तू? चौथी, साहेब.

मला वाटलं, घ्यावं गाठोडं आन् धरावी न्हावऱ्याची एसटी. ताई एकटक आपल्या हाताकडं बघत होती. साहेब म्हणले, ते उरलेले सगळे डबे आण, एक एक गोळी उपसून काढू. आन् उद्यापास्नं पहिली गोळी लावायच्या आधी मला दाखवायची. मी बरोबर म्हणल्याबिगर दांडीला हात लावायचा न्हाई.

तवापास्नं रोज सकाळी मी हाक मारायचो, साहेब, गोळी बघा. ते चष्मा लावून यायचे, बघायचे, बरोबर म्हणायचे. कधी ताप असला तरी खिडकीतनं बघायचे. इतकी वर्सं कुणी रोज माझ्याशी बोललं असंल तर एवढंच.

साहेब गेले, रेंज बंद झाली. मशीन, खोकी, सगळं गेलं, मी राखणीला ऱ्हायलोय. पोरं म्हणत्यात, केंदूरला या. जातो, चार दिस ऱ्हातो, पर घरातली कुठली वस्तू कुठं ठेवलीया तेच मला ठाव नसतं, प्रत्येक गोष्ट इचारावी लागती. मग माघारी येतो.

आता बीपी निघालंय. डॉक्टरनं दोन पाकिटं दिल्यात, एक सकाळचं, एक रातीचं, दोन्हीवर बारीक इंग्रजी. हिरा फोनवर इचारती, गोळी घेतली का? घेतली म्हणतो. तुम्ही आलाच हाय तर जरा चष्मा लावा. ही सकाळचीच ना? गोळी बघा.

बरोबर?

बरं. सुखात ऱ्हावा, तुमचं कधी काही न चुको. आता घेतो.