एका कासंची दोन

आवं अंगणवाडीच्या स्वप्नाबाई, ती पट्टी आधी पिशवीत घाला. दंडाला पट्टी लावून मानसाची पारख हुती व्हय? लाल आली म्हंजी पोरगं सुकलंय म्हनं. येऊ द्या की! हाडाचाच बारीक हाय त्यो — त्येचा आज्जा बी असाच हुता, खारकंवानी, तरी पार म्हातारा हून गेला. साताऱ्याच्या दवाखान्यात न्हेऊन ठिवायचं बोलूच नगा. त्येची आय, माजी सून मंगल, द्राक्षाच्या कामाला गेलीया, सांच्याला येईल. तवा तिला इचारा — न्हाईतर इचारू बी नगा, ह्या घरात मी सांगती तेच हुतं.

आन आता हिच्याकडं काय बगताय? ही सृष्टी, त्येच्याच जोडीची, एकाच दिवशी झाली दोघं. बगा कशी, मांडीला वळ्या पडल्यात. काय? हिचं बी वजन बरं न्हाई? आता गं बया! बारीक त्यो बी आजारी, जाडी ती बी आजारी — मग धडकं कोन, तुमची पोरं? धाप लागती तिला, व्हय, दोन पावलं चालली की बसती. अंगात हाय म्हनून लागती की धाप! दुकानातलं पुडं खाती का म्हनता? खाती की. सकाळी च्यात बुडवून बिस्किटं, मग कुरकुऱ्यांचा पुडा. मी मेंढरांमागं हिंडनार — पोरगी रडली तर माळावर चूल मांडू व्हय? पुडा फोडला की गप बसती. त्यो दुकानवाला जोतिबा बरा, तुमच्यावानी भाषान देत न्हाई, पुडा देतो.

तुमच्या अंगणवाडीचा शिरा-खिचडी? येतो की दोघांचा. त्येचा बी हीच खाती. त्यो खातोय कुटं? तोंडाशी न्हेलं की मान फिरवतो. किती येळ बसायचं त्येच्यापाशी?

बाई, तुमी शाळंत शिकला, मी मेंढरांत शिकली. मेंढी जुळं व्याली आन कासंत दूध एकाचंच असलं, तर काय करत्यात, ठाव हाय? पाठीवरनं हात फिरवायचा. ज्येचा कना हाताला टोचत न्हाई, ज्ये धडपडून उभं ऱ्हातं, त्येला कासंला लावायचं. निम्मं-निम्मं पाजलं की दोनी बी जात्यात. मला सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. दुसरं? दुसऱ्याला कोपऱ्यात ठिवायचं. वराडतं थोडं. मग वराडत न्हाई.

ह्यो बी आता वराडत न्हाई बगा. लय शाना झालाय.

तसं बगू नगा माज्याकडं! मी काय कसाई हाय व्हय? मंगल जाताना दोघांचं दूध ठिवून जाती, ते मी हिला पाजती — एक तरी जगावं का नगं? ही जल्मली ती दनकून रडली, आन ह्यो काळानिळा. तवाच म्या पाठीवरनं हात फिरवला आन वळखलं. जीव लावायचाच न्हाई, ठरवलं. म्हनून तर मी त्येला बिरदेव म्हनत न्हाई — ज्ये ऱ्हानार न्हाई, त्येला देवाच्या नावानं कशाला हाक मारायची? नुसतं 'ए' म्हनती. बगतो की 'ए' म्हनलं तरी. हसतो बी कवा कवा, मग मीच तोंड फिरवती. मंगलला ह्यातलं काय ठाव न्हाई, आन तुमी सांगायचं बी न्हाई, आधीच सांगून ठिवती. आता तुमची ती जीप घ्या आन निगा हितनं, न्हाईतर कुत्रं सोडीन —

काय झालं? माज्या मागं काय बगताय?

मंगल... कवा आलीस गं? काम लवकर सुटलं व्हय? आगं, मी ह्या बाईला मेंढरांचं सांगत हुती. मेंढरांचं, मंगल. उचलू नगंस त्येला, आत्ताच डोळा लागलाय त्येचा — पानी तरी पी. आगं, शिव्या दे, पन अशी नगं बगू. बाई, तुमी जीपचं दार कशाला उघडताय? निगा म्हनलं न्हवं तुमाला! मंगल, आगं, हिला बी न्हेतीस? हिला कशाला? ही धडकी हाय. त्येला न्हे जा, न्हे — पन हिला ठिव. हिला म्या वाढवलीया. मंगल... हिला तरी.