भोंग्याची वायर

(मुलींच्या फुटबॉलची फायनल चालू आहे. कोच मैदानाच्या कडेला फोन कानाला लावून उभा आहे. त्याची मोठी बहीण बेटाच्या मधल्या टेकडीवरून, हवामान केंद्रातून बोलते आहे.)

ताई : ...बोलणं फिरवू नकोस, बाळ्या. मैदानावरचा भोंगा मी कधीची वाजवतेय. तो वाजत का नाही?

कोच : मीच वायर काढलीय.

ताई : काय?

कोच : ओरडू नकोस. फायनल आहे आज. ऐन पेनल्टीला तुझा भोंगा केकाटला तर मुली काय खेळणार, कपाळ?

ताई : अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आधी सगळ्यांना बाहेर काढ. वीज पडायची लक्षणं आहेत.

कोच : रोजच असतात! रोज दुपारी भोंगा, रोज खेळ बंद, आणि शेवटी टिपूस नाही. तुझा भोंगा झाला की लोक चहाचं आधण ठेवतात, माहितेय?

ताई : माहितेय. दुकानदार तोंडावर हसतात माझ्या. तरी ऐक. दुपारी जमीन तापली की दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्राचं वारं आत घुसतं. जिथे समोरासमोर भिडतं, तिथे ढग वर चढतो. इतके दिवस पश्चिमेचा वारा जोरात होता, तो ढगाला पलीकडच्या किनाऱ्यावर ढकलत होता. तिकडे वीज पडून झाडं जळालीत, बाळ्या.

कोच : मग आजही ढकलेल की!

ताई : मैदानाच्या कोपऱ्यावरचं निशाण बघ.

कोच : थांब, बघतो.

ताई : बघितलंस?

कोच : लोंबतंय.

ताई : वारा पडलाय. आज ढग तुमच्याच डोक्यावर उभा राहणार.

कोच : अगं, पण इथे लख्ख ऊन आहे! एका गोलने पुढे आहोत आम्ही, थोडाच वेळ उरलाय. पहिला थेंब पडला की काढतो सगळ्यांना, शप्पथ.

ताई : थेंबाची कसली वाट बघतोस! पावसाच्या आधीही वीज पडते, लांबच्या ढगातूनही पडते. तुम्हाला सगळ्यांना भिजायची भीती. भिजून कोणी मरत नाही रे!

कोच : तुझी लेक गोलमध्ये उभी आहे, म्हणून तुझा जीव वरखाली होतोय.

ताई : हो, होतोय! लोखंडी खांबांच्या मधोमध उभी आहे माझी पोर. आणि बाकीच्यांना काय आया नाहीत?

कोच : ...गडगडलं.

ताई : मला काय सांगतोस, रेफ्रीला सांग!

कोच : अहो रेफ्री! थांबवा! हो हो, मीच म्हणतोय, थांबवा! चला गं, पळा, सगळ्या त्या पत्र्याखाली पळा!

ताई : पत्र्याखाली नको!

कोच : आता काय? छप्पर आहे ना तिथे!

ताई : नुसते खांब आणि वर पत्रा, चारही बाजूंनी उघडं. तुम्ही आलात त्या बसमध्ये घाल. दोन्ही संघ. काचा लाव, आणि लोखंडाला कुणी टेकू नका.

कोच : पालक अंगावर आलेत, ताई. हातातला कप घालवला म्हणतायत.

ताई : त्यांनाही बसमध्ये कोंब. भांडायचं तर आत बसून भांडा... बाळ्या? केवढा आवाज झाला तो! बाळ्या, बोल काहीतरी!

कोच : आहे, आहे. सगळे आत आहोत. मैदानामागे समुद्रात पडली.

ताई : आणि मैदानावर?

कोच : काही नाही. परत काही नाही! अजून पाऊससुद्धा नाही. सामना रद्द केला रेफ्रीने, पुन्हा पहिल्यापासून खेळायचा म्हणे. झालं समाधान?

ताई : शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी खाली उतरायचं नाही. आणि उतरलास की पहिली ती वायर जोड.

कोच : जोडतो गं बाई, जोडतो. पण इथे माझं तोंड बघायला कुणी तयार नाही. मुली रडतायत. तुझ्या लेकीने हातमोजे माझ्या अंगावर फेकले. मी काय सांगू यांना? काहीच झालं नाही म्हणून सांगू?

ताई : तेच सांग.

कोच : तूच सांग. घे, बोल हिच्याशी.

भाची : आई, मी तुझ्याशी बोलणारच नाहीये. कधीच!

ताई : नको बोलूस. घरी ये, आणि मग नको बोलूस.