मिलिटरीचा आस

नाई, पण मले एक सांगा, बंडी माही, बैल माहे, मंग आस कोणता टाकाव हे सांगाले सारं गाव काऊन येऊन राह्यलं होतं? आस म्हंजे बंडीखालचा आडवा दांडा, दोन्ही चाकं ज्याच्यावर फिरतात तो. माह्या आज्यानं टाकलेला लाकडी आस भरल्या बंडीखाली कडाडकन मोडला, मी अजून त्याच्यापाशी उकिडवा बसून त्याच्यावर हात फिरवून राह्यलो होतो, तं हे आले! "बाभूळ टाका बापू." "बाभूळ कायले, अंजन टाका." "अंजन जड होते बे, बैल मरतीन!" अरे हो हो! तुम्हाले सांगतो, मी घाईचा माणूस नाई. आस काय रोज बदलते का माणूस? एक डाव टाकला का नातवाले पुरला पाह्यजे.

कारभारी नावाचा आमचा सुतार म्हणे, "बापू, बाभूळ घरात पडून हाये, परवा बंडी चालू करून देतो." मी म्हनलं, पाहू. मंग सुलतानपूरच्या बाजारात गेलो, तं रहेमतुल्ला मिस्तरीनं जालन्याहून भंगार आणलेलं. त्याच्यात एक आस! मिलिटरीच्या जीपमागं ट्रॉली लावतात न, तिचा. सारा लोखंडी, मनगटाहून जाड, रबरी चाकांसकट. मी चाक एका बोटानं ढकललं... फिरूनच राह्यलं! मी तमाखू काढली, चुना लावला, मळली, तोंडात टाकली, तरी फिरूनच राह्यलं! उठलो, घरी आलो. दुसऱ्या बाजारी पुन्हा गेलो, चाक फिरवलं, घरी आलो. असे चार महिने. शेवटी रहेमतुल्ला म्हणे, "चाचा, लोहा देख रहे या बहू देख रहे? शादी करनी क्या इससे? अरे, जो लडाई में नहीं मुडा, वो तुम्हारे नाले में क्या मुडेगा!" हाव भाऊ, खरं हाये तुह्यं, पण मी घाईचा माणूस नाई.

घाई केली ती माह्या बायकोनं, मंजुळाबाईनं. तिच्या भावाची, भगवंतरावाची पोरगी अन्नपूर्णा, तिचं लगीन साखरखेर्ड्याले. अन् हिनं माहेरी आधीच सांगून टाकलं, "आमच्या बंडीले मिलिटरीचा आस हाये!" अवं, मी तं अजून घेतलाच नाई! तं म्हणे, "ते मले माहीत नाई. माही मान खाली जाईन. त्याच बंडीत बसीन अन् भावाच्या दारात उतरीन." झालं! आणला.

आता तुम्ही म्हणसान, बापूनं चार महिने पाह्यलं काय? सारं पाह्यलं! जाडी मोजली, उचलून वजन पाह्यलं, गोट्यानं ठोकून आवाज ऐकला. फक्त लांबी नाई पाह्यली. लांबी कोण पाह्यते हो? आमच्या इकडं साऱ्या बंड्यांचे आस एका मापाचे, म्हणून रस्त्यात दोन चाकोऱ्या पडलेल्या, आज्याच्या काळापासून. अन् हा मिलिटरीवाला निघाला वीतभर आखूड!

लग्नाच्या दिवशी एक चाक चाकोरीत, दुसरं वर उंचवट्यावर. बंडी अशी कलती! मंजुळाबाई आहेराचं गाठोडं घेऊन घसरून राह्यली. येशीपाशी कारभारी, "काय बापू, काकूले कुशीवर निजवून नेता का?" मी म्हनलं, अवं, जरा उजवीकडं सरक. "सरकाले मी काय पोतं हाये?"

मी घाईचा माणूस नाई, थोडा वेळ थांबलो. विचार केला... चाकोरी आपली नाई तं आपण चाकोरीत कायले जावं? बैल वळवले, थेट वावरात! अन् तुम्हाले काय सांगू... ढेकळं, धसकटं, बांध, काई म्हंजे काई जाणवलं नाई! बैल मान झुलवत चालून राह्यले. मंजुळाबाई सरळ बसली, पदर सारखा केला अन् म्हणते, "बरा हाये आस." चाळीस वर्षांत पह्यल्यांदा ती कायले तरी बरं म्हनली!

साखरखेर्ड्याच्या अलीकडं नाला. तिथं पाह्यतो तं अन्नपूर्णेच्या नवरदेवाच्या वऱ्हाडाच्या बंड्या एकामागं एक उभ्या. पुढच्या बंडीचा आस मोडलेला, बाभळीचा बरं का, बाभळीचा! उताराची वाट बंद. नवरदेव बाशिंग बांधून गोट्यावर बसलेला, अन् त्याचा बाप इंद्रभान कपाळाले हात लावून. मी वरून, जिथं कोणी बंडी घालत नाई तिथून, गोट्यागोट्यांवरून उतरलो. खण्! खण्! वाकला नाई हो! इंद्रभान धावत आला, "बापू, मुहूर्त चालला, नवरदेव तेवढा घ्या!" घेतला. मंग त्याची करवली चढली, मंग इंद्रभान, मंग भटजी, अन् भटजी म्हणते, "बाई, तुम्ही जरा उतरता का? बाशिंगाले धक्का लागते."

मंजुळाबाईनं माह्याकडं पाह्यलं. मी आसाकडं पाह्यलं.

मुहूर्ताले बंडी भगवंतरावाच्या दारात! अन् सारं साखरखेर्डा वाकून वाकून आस पाहून राह्यलं, नवरदेवाकडं कोणी पाह्यना! माही छाती अशी...! मंगलाष्टकं सरली, अक्षता पडल्या, पंगत बसली, तवा मंजुळाबाई आली. गाठोडं डोक्यावर, पायावर धुरळा. भाऊ विचारते, "अक्का, तुह्या बंडीचं लय नाव ऐकलं, कशी हाये गं बसाले?"

आता तुम्हाले सांगतो, आसपासच्या गावात कोणाचंही लगीन असो, नवरदेवाले माहीच बंडी पाह्यजे. मी नाई म्हणत नाई. नवरदेव बसते, त्याचा बाप बसते, वाजंत्रीवाला ढोलासकट बसते...

मंजुळाबाई एसटीनं जाते.