घर क्र. १४ च्या अंगणात अंजीर पुरल्याबाबत

नाव: सॅव्हेरिओ ट्रिपोडी, वय ७६ वर्षे, धंदा: गवंडीकाम (निवृत्त), राहणार: घर क्र. १४, हेदर ग्लेन सोसायटी, ब्रायरफील्ड, न्यू जर्सी.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी सहा वर्षांपासून राहतो. त्याआधी त्रेचाळीस वर्षे ट्रेंटनच्या चेंबर्सबर्ग भागात राहत होतो. माझी बायको फिलोमिना, वय ७४, हिला जिना चढवेना म्हणून ते घर विकलं. तिथून सामान फारसं आणलं नाही. अंजिराची एक फांदी आणली.

ती फांदी माझ्या वडिलांच्या झाडाची. ते झाडही फांदीचंच. वडिलांनी ती इटलीतल्या कालाब्रियाहून कोटाच्या बाहीत, ओल्या फडक्यात गुंडाळून बोटीने आणली होती. अंजिराला इथली थंडी मानवत नाही. म्हणून हिवाळ्याआधी फांद्या दोरीने आवळून त्यावर जुनी ब्लँकेटं, जुना गालिचा, डांबरी कागद आणि पाणी आत जाऊ नये म्हणून शेंड्यावर उपडी बादली घालतात. डिसेंबरात ट्रेंटनच्या आमच्या गल्लीत प्रत्येक अंगणात असा एक बादलीवाला उभा असायचा. फिलोमिना येताजाता त्यांची विचारपूस करायची. हे काम कोणी एकट्याने करत नसे. एकाने आवळायचं, दुसऱ्याने बांधायचं, तिसऱ्याने नुसत्या चुका काढायच्या, आणि मग सगळ्यांनी आमच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात सॉसेज आणि मिरच्या खायच्या. याचा तपासाशी संबंध नाही असं हा जबाब घेणारे सार्जंट डेल्गाडो म्हणतात. माझ्या मते आहे, म्हणून लिहून घ्यावं.

हेदर ग्लेनमध्ये कमिटीच्या परवानगीशिवाय घराबाहेर खिळा ठोकता येत नाही. दोन वर्षांपूर्वी झाड गुंडाळलं, तेव्हा ‘विनापरवाना बांधकाम’ अशी नोटीस आली. गेल्या वर्षी मी झाडाभोवती लाकडी खोकं केलं आणि सोसायटीने मंजूर केलेला बिस्किटी रंग त्याला दोन हात दिला. त्यावर ‘विनापरवाना शेड’ अशी नोटीस आली. मी आयुष्यभर लोकांची घरं बांधली. शेड कशाला म्हणतात ते मला कळतं.

या ऑक्टोबरात कमिटीपुढे सुनावणी झाली. चेअरमन ग्लेंडा व्हिटकोम्ब या माझ्या शेजारी, घर क्र. १६ मध्ये राहतात. बाई मनाने वाईट नाहीत, पण हातात मोजपट्टी घेऊनच जन्माला आल्यात.

त्या म्हणाल्या, “मिस्टर ट्रिपोडी, झाडाशी माझं काही भांडण नाही. पण जमिनीच्या वर असलं काही पुन्हा दिसलं, तर कंत्राटदार येईल आणि झाडासकट उचलून नेईल. मग माझ्याकडे येऊ नका.”

मी विचारलं, “आणि जमिनीच्या खाली?”

“खाली काय गोंधळ घालायचा तो घाला.”

हे बैठकीच्या इतिवृत्तात आहे.

फिलोमिना ११ सप्टेंबरपासून घरी नाही. तिला विसरायला होतं. आमची मुलगी अँजेला हिने तिला शुश्रूषागृहात ठेवलं आहे. मी रोज दुपारी जातो. ती मला ओळखत नाही. पाहुणा समजून खुर्ची पुढे करते आणि “दुरून आलात का?” असं विचारते. हे मी सोसायटीत कोणालाच सांगितलं नाही. ग्लेंडाबाईंनी दोनदा चौकशी केली, तेव्हा “झोपलीय” म्हणालो. ते खोटं होतं, मान्य आहे. कारण विचारलं असता सांगतो की, तोंडाने बोललो असतो तर ती घरी नाही हे खरं झालं असतं.

आज दि. ५ डिसेंबर रोजी सकाळी आठच्या सुमारास मी वडिलांच्या जुन्या पद्धतीने झाड पुरायला घेतलं. या पद्धतीत एका बाजूची मुळं तोडून झाड हळूहळू आडवं करतात, सहा फुटी चरात निजवतात आणि वर फळ्या व माती घालतात. एप्रिलात उठवतात. वडिलांबरोबर हे काम चौघं करायचे. आज मी एकटा होतो. झाडाला मी फिलोमिनाचा तपकिरी कोट घातला. तो आमच्या लग्नाच्या वर्षीचा. “मला आता होत नाही, याला होईल,” म्हणून तिनेच तो झाडाला दिला होता, तेव्हापासून दर हिवाळ्यात घालतो. मी बटणं लावली.

सव्वादहाला ग्लेंडाबाई कुंपणापाशी आल्या. चरात कोट होता आणि मी त्यावर माती ओढत होतो. फळ्या गाडीतच राहिल्या होत्या, ती माझी चूक. त्यांनी विचारलं, “फिलोमिना कुठे आहे?” मी पाठमोरा होतो, दमलो होतो. सवयीने म्हणालो, “झोपलीय.”

दहा मिनिटांत पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. मला फावडं टाकून हात वर करायला सांगितलं. पोलिसांनी कोट ओढून बाहेर काढला. मी ओरडलो, “हळू ओढा, जिवंत आहे अजून!” हे वाक्य माझ्याविरुद्ध धरू नये.

कोटात झाड निघालं, तरी बायकोचा प्रश्न उरला. म्हणून मला ठाण्यात आणलं. सार्जंट डेल्गाडो यांनी खात्रीसाठी शुश्रूषागृहात फोन लावला. नर्सने तो फिलोमिनाला दिला. बोलणं खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

“मॅडम, सॅव्हेरिओ ट्रिपोडी तुमचे कोण?”

मी खाली बघत होतो.

“सॅव्ही? नवरा माझा. का, काय उद्योग करून ठेवला त्याने?”

“ते आत्ता कुठे असतील, सांगता येईल?”

“आज तारीख काय?”

“पाच डिसेंबर.”

“मग विचारताय काय? अंगणात असेल, अंजिराला निजवत असेल. त्याला म्हणावं, कोटाचं वरचं बटण लाव. दरवर्षी विसरतो मेला.”

कोटाचं वरचं बटण मी लावलेलं नव्हतं. कोट बटणं न सोडताच ओढून काढलाय, टेबलावर आहे, पाहून घ्यावा.

ग्लेंडाबाई ठाण्यातच बाकावर बसल्या होत्या. त्या उठून आल्या आणि म्हणाल्या, “अहो, मला एका शब्दाने सांगायचं तरी.” माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. झाडाची मुळं उघडी आहेत आणि संध्याकाळपासून पाणी गोठणार आहे. तरी कोट परत मिळावा आणि मला जाऊ द्यावं. फळ्या धरायला ग्लेंडाबाई येते म्हणतात.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एक दुरुस्ती आहे. वर ‘ती मला ओळखत नाही’ असं लिहिलं आहे, ते खोडावं. बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.