चावी हातात

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे नवनीतभाई, आज सेवानिवृत्त होत असलेले आमचे टर्नर विभागाचे निदेशक आदरणीय भाईदास सर, त्यांच्या सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी सिंधुबाई आणि जमलेल्या प्रशिक्षणार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी रनाळ्याची कामिनी. पुस्तकाशी माझे जमते, माइकशी नाही. तरी आज बोलणे भाग आहे.

लेथवर काम, म्हणजे फिरवून कातायचा तुकडा, धरून ठेवणारा चक निवडायचा कसा? सर सांगत, गोल कामाला तीन जबड्यांचा. ते एकदम सरकतात. पंपाच्या वेड्यावाकड्या ओतीव भागाला चार जबड्यांचा. तिथे प्रत्येक जबड्याची स्वतंत्र समजूत काढावी लागते. चक बसवताना आधी आटे पुसायचे आणि खाली लाकडी फळी ठेवायची, कारण निसटलेला चक बोटे ओळखत नाही. शेवटी जबडे आवळायची चावी चकातून काढून उंच धरायची आणि साऱ्या शेडला ऐकू जाईल असे म्हणायचे, ‘चावी हातात!’

माझे अडायचे ते इथेच. मी पुटपुटायची. शेडच्या टोकाहून सर म्हणायचे, “पोरी, मशीनले ऐकू उनं व्हई, मले नही उनं.” मुले हसायची. बटणाला हात लावायला मिळायचे नाही.

गेल्या खंडेनवमीला नवा चार जबड्यांचा चक आम्ही बसवला. चावी मी पूजेच्या ताटात ठेवली. नवनीतभाईंच्या हस्ते लेथ सुरू व्हायचा होता. सर चकासमोरच हात जोडून उभे. भाईंचे बोट बटणाकडे गेले, आणि मला दिसले, की झेंडूचा हार चकावर टिकेना म्हणून कुणीतरी त्याला खुंटी केली होती. ती खुंटी म्हणजे ताटातून उचलून चकात खोचलेली चावी. चक फिरताच ती सुटली असती. कुठे? सरांचा चेहरा हातभर अंतरावर होता.

पुस्तकातले एकही वाक्य सापडेना. मग घरची बोली आपोआप बाहेर आली, “बटन दाबू नका, चावी चकमा शे!”

भाईंचा हात हवेतच राहिला. नवनीतभाई, आपल्यावर ओरडले, तेव्हा क्षमा मागायची राहून गेली. ती आज मागते. सरांनी हार बाजूला केला, चावी काढली. मग एवढेच म्हणाले, “आते ऐकू उनं.”

सर, आपले आभार कोणत्या शब्दांत मानू? आवाज आपणच दिलात. बोलण्यात काही उणे राहिले असेल तर सभेने ते पोटात घालावे.

आता सरांनी शेवटचे एकदा लेथ सुरू करावा, अशी आम्हा सर्वांची विनंती आहे. हार आजही घातला आहे. मी पाहून आले.

सर, बटण दाबा. चावी मन्हा हातमा शे.