शेल्याच्या घडीतला विडा

मंडळी,

इतकी माणसं जमलीत की वखारीत उभं राहायला जागा नाही. बोलायला उठलो खरा, पण घसा खवखवतोय. आणि मला आज घशाबद्दलच बोलायचं आहे.

भूपालअण्णा गेले. माझ्याआधी जे बोलले, त्यांनी अण्णांना थोर नट म्हटलं. बरोबर आहे. पण प्रत्येकानं जाता जाता एक वाक्य टाकलं. 'सोन्यासारखा गळा घातानं गेला,' असं एकजण म्हणाले. दुसरे म्हणाले, 'सोबत्यानंच केलं.' नाव कुणी घेतलं नाही. माना मात्र सगळ्यांच्या दाराकडे वळल्या.

दारात बसाप्पा मास्तर उभे आहेत. हातात हार आहे. संकेश्वरहून हा म्हातारा माणूस आलाय, आणि त्याला कुणी आत ये म्हटलं नाही. मी संयोजकांना विचारलं, तर म्हणाले, "लोकांस्नी आवडायचं न्हाय वो."

मंडळी, मी संशयी माणूस आहे. सरकारचा संशय घेतो, पुढाऱ्यांचा घेतो. आज तुमचा घेणार आहे.

नव्या पोरांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. अण्णा नाटक कंपनीत राजाची कामं करायचे. बसाप्पा राणीची. अण्णांनी पद उचललं की बाहेरचे गाडीवानसुद्धा बैल सोडून ऐकत बसायचे. मग एका हंगामात अण्णांचा आवाज बसला. बसला तो कायमचाच. राजाचं काम बसाप्पांकडे आलं. आणि गावात बोललं जाऊ लागलं की खेळात राणीनं राजाला जो विडा दिला, त्यात शेंदूर होता. शेंदूर पोटात गेला की गायकाचा गळा जातो, ही आपली समजूत. झालं. "कानडी माणूस, दुसरं काय करणार!" असंही वर जोडलं. अहो, अण्णा स्वतःच्या आईशी कोणत्या भाषेत बोलायचे? कानडीतच ना?

मी लोकांना विचारत हिंडलो. हे पहिल्यांदा कोण म्हणालं? शिंपी म्हणाला, "न्हाव्यानं सांगितलं." न्हावी म्हणाला, "सगळं गावच म्हणतंय की." पण एक गोष्ट प्रत्येकानं छातीठोकपणे सांगितली. "आम्ही ह्या डोळ्यांनी बघितलंय. बसाप्पानं विडा दिला, अण्णानं तोंडात घातला, चावला, हसला."

बघितलंत ना? शपथेवर सांगाल?

मग मला सांगा, आपल्या या गावात निम्मी घरं जैनांची. अण्णा जैनाचं लेकरू. सूर्य मावळल्यावर अण्णांनी तोंडात काही घातलेलं कुणी पाहिलंय? कंपनीत त्यांची चेष्टा व्हायची. "राजेसाहेब कोंबड्यांबरोबर जेवतात" म्हणायचे. उन्हं आहेत तोवर जेवून घ्यायचं आणि मग तोंडाला रंग लावायचा, हा त्यांचा नेम. आणि खेळ कधी व्हायचा? रात्री! तो विडा रात्रीचा! गावातला एक माणूस, एक माणूस हे बोलला नाही. नेम सगळ्यांना पाठ, पण बसाप्पाचं नाव आलं की सगळे विसरले.

मी अण्णांना एकदा हे विचारलं. त्या घोगऱ्या आवाजात लई हसले. म्हणाले, "अरं, त्यो विडा मी खाल्ला असता, तर शेंदराच्या आधी आमच्या आईनंच मला मारलं असतं. त्यो शेल्याच्या घडीत जायचा. हात तोंडाकडं न्यायचा, आन् बोटं हिकडं. मग नुसतं चावायचं."

शेला त्यांच्या लग्नातला होता. अण्णांच्या पत्नी पद्माक्का इथं फोटोपाशी बसल्या आहेत. आक्का, तो शेला तुम्हीच धूत होता ना? काताचा डाग कुठं असायचा?

ऐकलंत? "आतल्या घडीला," म्हणतात आक्का. "घासून घासून हात दुखायचं," म्हणतात.

आता कळलं? तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत तो विडा नव्हता. तो अण्णांचा अभिनय होता. रिकामं तोंड हलवून त्यांनी अख्ख्या गावाला विडा खाऊन दाखवला, आणि तुम्ही त्या अभिनयाचा पुरावा करून दुसऱ्या नटाला फासावर दिलंत! अण्णांनी किती जणांना सांगितलं, बसाप्पाचा दोष नाही. तुम्ही काय म्हणालात? "अण्णाचं मन मोठं." खरं बोलणाऱ्याला मोठं म्हणून गप्प बसवायची ही आपली रीत.

मग गळा कशानं गेला? मी वैद्य नाही. संशय सांगतो. त्या साली वाऱ्यानं कंपनीचा तंबू फाटला. मालकांनी नवा घेतला नाही. खेळ हलवले. कुठं? या वखारीत! पोती बाजूला सारली आणि रंगभूमी उभी केली. तंबाखूच्या धुळीचा खकाणा तुळयांवर होता, पडद्यावर होता, हवेत होता. त्यात अण्णा अंगात ताप असताना रोज गायले. मालक, आपण पुढच्या खुर्चीवर आहात. मी आपल्याकडे बघत नाही, मी वर तुळयांकडे बघतोय. पण शेंदराची गोष्ट गावभर फिरली, तेव्हा आपण एकदा तरी 'खोटं आहे' म्हणालात का? तिच्यामुळे तंबूचं कुणी विचारलं नाही, एवढं मात्र खरं.

पुढे अण्णा कोल्हापूरला गेले. मूकपट होते. तिथं कुणालाच आवाज नव्हता, म्हणून अण्णांना काम मिळालं. डोळ्यांनी बोलायचे ते. मग बोलपट आले आणि पुन्हा दार लागलं. मौनव्रती साधू, मुका म्हातारा, एवढीच कामं उरली. एकदा मी म्हणालो, "अण्णा, अन्याय झाला." म्हणाले, "माझा गळाच गेला रं. त्या बसाप्पाचं नाव गेलं. मी गेलो की तेवढं त्याला पुढं बसवा."

स्वराज्य दाराशी आलंय म्हणतात. दाराशी आलेल्या या माणसाला आत घेत नाही, ते आपण स्वराज्य कुठं बसवणार?

बसाप्पा मास्तर, आत या. वाट द्या त्यांना. या, इथं माझ्याशेजारी. हार घाला आधी. घाला. आता तुमची पानाची चंची काढा. मला एक विडा करून द्या. सगळे बघतायत? असू दे. कात घाला, चुना घाला, तुम्हाला हवं ते घाला.

मंडळी, नीट बघा. माझ्या खांद्यावर शेला नाही. सूर्य अजून मावळलेला नाही. हा घेतला. हा खाल्ला. आणि उद्या सकाळी बाजारात याच आवाजात मी तुमच्याशी भांडायला येणार आहे.

अण्णा, मास्तर पुढं बसले. तुमचं ऐकायला आम्हाला तुमच्या मरणाची वाट बघावी लागली.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ शांत राहू. मी बोलत होतो तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण तोंडाला पदर, उपरणं लावून खोकत होते. मी ऐकत होतो. आता या शांततेत खोकला आला, तर दाबू नका. अण्णांचा गळा कशानं गेला, ते ही वखारच सांगू दे.